वाढत्या अंगाची सायकल

"कात्री नको, ब्लेड आणा! कात्रीनं रंगावर ओरखडा येईल!" पप्पा जिन्याखालून ओरडले.

खोकं आमच्याच दुकानाच्या टेम्पोतून आलं होतं, डिस्टेंपरच्या बादल्यांमध्ये आडवं झोपून. जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीत खाली आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान, वर घर. त्या संध्याकाळी काउंटरपाशी एक गिऱ्हाईक खिळे मागत उभं होतं आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. आण्णासुद्धा नाहीत. आण्णा म्हणजे माझे मोठे काका, पप्पांचे थोरले भाऊ. गिऱ्हाईक उभं असताना आण्णा गल्ल्यावरून उठलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

"बाळासो, विमान आणलंस का काय?" आण्णा म्हणाले.

"रोड बाइक आहे आण्णा. रेसची."

"मडगार्ड कुठंय?"

"रेसच्या सायकलला मडगार्ड नसतं."

"स्टँड?"

"तेही नसतं."

"कॅरिअर? घंटी? कुलूप?"

पप्पा नुसतेच हसले.

"मग त्या दुकानदारानं दिलं काय तुला?" आण्णा म्हणाले आणि सगळे खो खो हसले. खिळेवालापण हसला.

दिलं होतं ते मला विचारा! निळी. पण शाळेच्या पिनोफ्रॉकची निळी नव्हे, मोराच्या मानेची निळी. चाकं अशी सडपातळ की वाटावं कंपासनं काढलीयत. आणि हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं.

तेव्हा मी आठवीत होते आणि शिंगं मलाही नुकतीच फुटली होती. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणायची तेपण असं, की बाईंना दोनदा विचारायला लागायचं. मग आमच्या पाटोळे सरांनी मला क्लबच्या जुन्या सायकलवर बसवलं. पाटोळे सर म्हणजे आमचे पीटीचे सर, शाळेनंतर सायकलिंगचा क्लब चालवायचे. त्या खडखडणाऱ्या लोखंडी सायकलवर मी तालुक्यात पहिली आले, पेपरात फोटो आला, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मी माइक हातात धरून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. थांबत नव्हते एवढं आठवतंय. हेडमास्तरांनी माइक काढून घेतला.

आता जिल्ह्याच्या संघाचं सिलेक्शन होतं. पहिल्या तीन मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. सर म्हणाले होते, "मगदूम, पाय तुझे आहेत, फुप्फुसं तुझी आहेत, सायकल तेवढी नाही. घरी बोल." मी घरी बोलले. मोठा खर्च आण्णांना विचारल्याशिवाय आमच्यात होत नाही. पप्पा कधी कुणासाठी भांडले नाहीत, पण माझ्यासाठी दोन रात्री जेवताना तोच विषय काढून बसले. शेवटी आण्णा म्हणाले, "पोरीचं नाव पेपरात येतंय, घे." माझी युनिट टेस्ट होती म्हणून मला पुण्याला नेलं नाही. पप्पा माल आणायला गेले आणि सायकल घेऊन आले.

"आता हे बघ," म्हणत पप्पांनी दुसरी पिशवी उघडली. हेल्मेट निघालं. हातमोजे निघाले, बोटं कापलेले. जर्सी, ती जाड गादीची चड्डी, पाण्याच्या दोन बाटल्या, त्या अडकवायचे दोन पिंजरे, मागचा लाल दिवा, हवेचा तळहाताएवढा पंप. मोठी आई, म्हणजे आण्णांची बायको, एकेक वस्तू उचलून वास घेऊन खाली ठेवत होती.

"ही चड्डी आहे का उशी?" तिनं विचारलं.

"बसून बसून दुखत नाही त्यानं," पप्पा म्हणाले.

"मग आण्णांना एक आणायची. गल्ल्यावर बसतात दिवसभर."

शेवटी बूट. मी पाय घातला. बूट मला आला होता. नुसता आला नव्हता, बसला होता. अंगठ्यापुढं कापूस नाही, मागं टाच उचकटत नाही. तुम्हाला कळणार नाही हे. आमच्या घरात सगळं 'वाढत्या अंगाचं' घेतात. पिनोफ्रॉक घोट्यापर्यंत, आत हातभर दाबलेला, दर जूनमध्ये एकेक घडी सोडायची. बुटात दिवाळीपर्यंत कापूस. स्वेटरच्या बाह्या तर मी पाचवीत असताना गुडघ्याला लागायच्या. आणि इथं बूट मापाचा, हेल्मेट मापाचं, हातमोजे कातडीसारखे. मी पप्पांकडं बघितलं. पप्पा अ‍ॅलन कीनं पुढचं चाक घट्ट करत होते, इतकं सराईत की जणू रोजचंच काम.

"पप्पा, हे तुम्हाला कुठून येतंय?"

"व्हिडिओ बघितले," ते म्हणाले. "बस आता."

मी दांडीवरून पाय टाकला आणि तिथंच अडकले. दांडी पोटात... म्हणजे पोटाच्याही खाली, जिथं लागायला नको तिथं लागली. दोन्ही टाचा हवेत. पप्पांनी मागून धरलं, मी कशीबशी सीटवर चढले, तर पायडल खाली गेलं की पाय सुटायचा आणि हँडल धरायला गेलं की मी अख्खी आडवी.

"मोठी आहे," मी म्हणाले.

"सीट खाली करू." केली, अगदी तळाला. "आता?"

"अजून मोठीच आहे."

"मग मोठीच घेतलीय," पप्पा म्हणाले. "वाढत्या अंगाची. दरवर्षी कोण सायकल घेणार?"

आण्णांनी मान डोलावली. "शहाणपणा केलास बाळासो."

मोठ्या आईनं शिंगांना झेंडूचा हार घातला, दांडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. मला चढवून पुढं ढकलली. लिंबं फुटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि हात सोडल्यामुळं पडता पडता वाचले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पाटोळे सर सायकलभोवती एक फेरी मारून आले. मग माझ्याभोवती एक.

"मगदूम, ही तुला चालवायचीय का चढायचीय?"

सगळा क्लब हसला. मीपण हसले, कारण मला वाटत होतं की एवढी सुंदर सायकल माझी आहे म्हटल्यावर कुणी काहीही म्हणो.

"माप कुणी घेतलं?" सरांनी विचारलं.

"पप्पांनी. वाढत्या अंगाची आहे सर."

"सायकल म्हणजे परकर-पोलकं नव्हे. ही तुझ्याहून फूटभर उंच माणसाची आहे. ब्रेक धर बघू, खालून, शिंगावरून."

मी धरायला गेले. बोटांची टोकं पोचली. टोकांनी ब्रेक दाबला जात नाही.

"बदलून आण. आजच्या आज. पप्पांना म्हणावं, अंग वाढेल तेव्हा वाढेल, सिलेक्शन पंधरवड्यावर आलंय."

"सर, तोवर जुनी..."

सरांनी मैदानाच्या पलीकडं हनुवटीनं दाखवलं. जुन्या सायकलवर अलफिया होती. अलफिया शिकलगार, माझ्याच वर्गातली, माझ्या बाकावरची. तिच्याकडं सायकलच नव्हती. मला नवी मिळाली म्हटल्यावर सरांनी क्लबची तिला दिली होती, आणि ती अशी सुटली होती की मैदानातली कुत्री बाजूला होत होती.

घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. पप्पांनी लगेच फोन लावला, माझ्यासमोर, आणि बोलत बोलत दुकानाच्या बाहेर गेले. परत आले ते मान हलवत.

"घेत नाहीत. म्हणतात, एकदा रस्त्याला टायर लागला की परत नाही."

"पण मी तर मैदानावरच..."

"लिंबावरनं काढली ना गल्लीत? तो पण रस्ताच," पप्पा म्हणाले. "अगं, हँडलचा पुढचा तुकडा आखूड मिळतो, तो घालू. होईल सवय. तू एवढी जिगरबाज, आणि चार बोटांना घाबरतेस?"

जिगरबाज म्हटल्यावर झालं. मी काय, मी तेव्हा जिगरबाज म्हटलं तर छतावरून उडी टाकली असती.

पंधरा दिवस मी त्या सायकलवर सराव केला. मान दुखायची, तळहात बधिर व्हायचे. पण खरी गंमत वेगळीच होती. मी संध्याकाळी सीट तळाला करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बघावं तर सीट वर. मी परत खाली करायची. परत वर. पहिल्यांदा वाटलं, मोठी आई पुसताना काहीतरी करते. तिला विचारलं तर म्हणाली, "मला त्या सायकलला हात लावायची भीती वाटते. मोडली तर?" शेवटी मी सरांना सांगितलं.

"सर, माझी सीट आपोआप वर येते."

सर शिट्टी वाजवायचे थांबले. "मगदूम, सायन्सला किती मार्क पडतात?"

"बरे पडतात सर."

"सीट ढिली असली तर खाली घसरते. वर चढत नाही. वर चढायला ती काय दूध आहे उतू जायला?"

क्लब परत हसला. घरी पप्पांना विचारलं तर ते पेपर वाचत होते, पेपराच्या मागूनच म्हणाले, "मी तेल-पाणी बघतो ना सकाळी. तेव्हा होत असेल." पप्पा तेव्हा पहाटे उठायला लागले होते. रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणायचे. मी उठायची तेव्हा ते आंघोळ करून, केस विंचरून दुकानात उतरलेले असायचे, आणि शिट्टीवर काहीतरी वाजवत असायचे. पप्पांना शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं. मम्मी म्हणायची, "चालण्यानं माणूस किती बदलतो बघ."

सिलेक्शन रविवारी सकाळी होतं, शिरोळ रस्त्यावर. एकेकीला एका मिनिटाच्या अंतरानं सोडायचं, ठरावीक खुणेपर्यंत जायचं, पिंपाला वळसा घालून परत यायचं. जिची वेळ कमी ती पुढं. पप्पा येणार होते, पण ऐनवेळी म्हणाले, "गोदामात माल लावायचाय, तू हो पुढं."

सुटले तेव्हा मी वाऱ्यासारखी सुटले, हे मी नाही, सर म्हणतात. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये काळा गुळगुळीत रस्ता, आणि ती सायकल, कितीही मोठी असली तरी, अशी पळत होती की मी मोठ्यानं हसले. पुढची मुलगी दिसायला लागली. मग तिला मागं टाकलं. मग पिंप आलं.

वळायला ब्रेक पाहिजे. मी शिंगं सोडून वर बसले, दोन्ही हातांनी वरून ब्रेक दाबला, सायकल नको तेवढी थांबली. तोल गेला. मी पाय टेकायला गेले आणि जमीन तिथं नव्हतीच. दांडीवर आपटले, तिथून रस्त्यावर. पिंपाजवळ उभा असलेला माणूस म्हणाला, "उठ उठ, वेळ चाललाय!" उठणं सोपं होतं. परत चढणं अवघड. मला चढायला कठडा लागायचा, नाहीतर कुणीतरी धरायला लागायचं, आणि धरायची परवानगी नव्हती. मी सायकल ढकलत एका मैलाच्या दगडापर्यंत पळाले, दगडावर चढले, तिथून सायकलवर. मागं टाकलेली मुलगी शांतपणे माझ्या शेजारून निघून गेली.

मी चौथी आले. तिसरी अलफिया.

अलफिया माझ्याजवळ आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूपण. "तुझ्या सायकलवर आलो गं मी," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीपण 'आलो-गेलो' म्हणतात.

"क्लबची आहे ती," मी म्हणाले.

"तुझ्या पायाला रक्त आलंय."

"येऊ दे."

तिथं पाण्याच्या बाटल्या वाटायला सायकलवाल्या मोठ्या माणसांचा एक ग्रुप आला होता. त्यांचे प्रमुख डॉक्टर चौगुले, आमच्याच गावातले दातांचे डॉक्टर. मी लहानपणी त्यांचं बोट चावले होते, त्यामुळं ते मला ओळखायचे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर पाणी ओतलं, आणि मग माझ्या सायकलकडं बघून एकदम थांबले.

"अरेच्चा! पप्पांची सायकल घेऊन आलीस होय? म्हणून पडलीस येडे! तुझी कुठंय?"

"हीच माझी," मी म्हणाले.

"ही बाळासाहेबांची! मला नको शिकवू. पुण्यात त्या दुकानात मी स्वतः त्यांना दांडीच्या दोन्हीकडं पाय टाकून उभं करून माप घेतलंय. रोज सकाळी माझ्या पुढं असते ही सायकल. काय चालवतात गं तुझे पप्पा! सहा महिने माझी जुनी मागून मागून चालवायचे, आता स्वतःची आल्यापासून तर ऐकतच नाहीत." ते हसले. "हेल्मेट, बूट, कपडे, सगळं माझ्या क्लिनिकात ठेवलेलं असतं. म्हटलं, घरी का नेत नाही? तर म्हणतात, घरी जागा नाही."

मी बाटली उघडून पाणी प्यायले. डॉक्टर अजून काहीतरी सांगत होते, पुढच्या रविवारच्या मोठ्या राइडबद्दल.

सायकल मी चालवत नेली नाही. हातात धरून नेली, शिरोळ रस्त्यापासून घरापर्यंत.

दुकान बंद होतं. पप्पा मागच्या गोदामात प्रायमरचे डबे रचत होते. माझा गुडघा बघून धावत आले.

"पडलीस? कुठं? हळद लावू?"

"चौथी आले."

"चौथी म्हणजे भारी की! जिल्ह्यात चौथी!"

"तीनच घेतात." मी सायकल डब्यांना टेकवली. "डॉक्टर भेटले होते."

"कुठले डॉक्टर?"

"दातांचे."

पप्पांच्या हातात एक डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग परत उचलला, मग वरच्या थरावर नीट रेषेत बसवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पप्पांची सायकल घेऊन का आलीस."

पप्पांनी जाऊन गोदामाचं दार लावून घेतलं. वर आण्णा दुपारचे झोपले होते.

"हळू बोल," ते म्हणाले.

"मी हळूच बोलतेय."

"आण्णांना मी म्हटलं असतं की मला सायकल पाहिजे, तर काय म्हणाले असते सांग बरं? या वयात? दुकान सोडून?" पप्पा पालथ्या बादलीवर बसले. "मी या घरात कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. शाळेचे कपडे आण्णांचे. पुस्तकं आण्णांची. लग्नातला सूटसुद्धा आण्णांचा, बाह्या कमी करून. तुझं नाव घेतलं आणि ते लगेच हो म्हणाले."

"लगेच नाही. दोन रात्री लागल्या. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी भांडताय."

"तुझ्यासाठीच गं. तुझ्यासाठी पण." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझे बूट, हेल्मेट, सगळं बघून बघून घेतलं मी. तुझ्या चपलेचा कागदावर ठसा घेऊन गेलो होतो."

"आणि सायकल?"

पप्पांनी बादलीच्या कडेचा वाळलेला रंग नखानं खरवडला. मग अगदी सहज, समजावल्यासारखं म्हणाले, "मला वाटलं, तुझं चार महिन्यांचं वेड आहे. भरतनाट्यम् सोडलंस. चित्रकलेची परीक्षा अर्धी सोडलीस. म्हटलं, तोवर तूही चालवशील, मीही चालवीन. मग तू सोडशील. पोरींचं तसंच असतं ना? एवढी पुढं जाशील असं काही वाटलं नव्हतं."

मला तेव्हा खूप बोलता यायचं. माइक काढून घ्यायला लागायचा एवढं. त्या वेळी एक शब्द आला नाही.

पप्पांनी माझं मनगट धरलं. "ऐक. मी चूक केली. आपण बदलू. डॉक्टरांच्या ओळखीत एकजण घ्यायला तयार आहे. ही त्याला देऊ, तुझ्या मापाची आणू. तू स्वतः ये पुण्याला, स्वतः दांडीवरून पाय टाकून उभी राहा. पुढच्या वर्षी सिलेक्शन असतंच की परत. फक्त..."

"फक्त काय?"

"पुढच्या रविवारी शंभर किलोमीटरची राइड आहे. माझं नाव दिलंय. ती एक करतो. शंभर किलोमीटर मी कधी केलं नाही गं." त्यांचे डोळे असे झाले होते, जसे माझे खोकं उघडताना झाले असतील. "तू बरोबर ये. आण्णांना सांगू, तुझी स्पर्धा आहे. एवढं एकदा."

मी हो म्हणाले. माझ्या मापाची सायकल पाहिजे होती मला.

त्या रविवारी मी पूर्ण पोशाख केला. जर्सी, हातमोजे, बूट, हेल्मेट. मोठ्या आईनं हातावर दही ठेवलं. आण्णा म्हणाले, "पहिली येऊन दाखव." सायकल टेम्पोत चढवली, पप्पा चालवायला, मी शेजारी. वाटेत क्लिनिकापाशी थांबून पप्पा आत गेले आणि बाहेर आले ते चट्ट्यापट्ट्याच्या जर्सीत. मला हसू आलं. पप्पांनापण.

सांगलीच्या एका मैदानावर मांडव होता. तिथून दोनशे-तीनशे माणसं निघाली, पप्पा त्यांच्यात. मी मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले, हेल्मेट मांडीवर घेऊन. पोहे वाटणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "तू नाही गेलीस का गं? एवढी तयारी करून?" मी म्हणाले, "माझी झाली."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एकेकजण परत यायला लागला. पप्पा दिसले. त्या निळ्या सायकलवर ते असे बसले होते की सायकल कुठं संपते आणि पप्पा कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. पाठ सपाट, कोपर हलके वाकलेले, बोटं ब्रेकवर आरामात. मी उभी राहिले. मी ओरडले, "पप्पा! पप्पा! चला!" खरंच सांगते, घसा बसेपर्यंत ओरडले. ते रेषा ओलांडून आले, कुणीतरी त्यांच्या गळ्यात पदक घातलं, आणि पप्पा रडत होते.

क्लिनिकात कपडे बदलून घरी आलो तेव्हा पदक पप्पांच्या खिशात होतं. त्याची लाल फीत तेवढी बाहेर राहिली होती. आण्णा जिन्यातच उभे होते.

"हे काय लोंबतंय?"

पप्पांनी खिशात हात घातला. एक क्षण हात तसाच आत राहिला. मग त्यांनी पदक काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

"प्रांजलचं," ते म्हणाले.

काय गोंधळ उडाला! मोठी आई ताम्हन घेऊन आली, मला पाटावर उभं केलं, ओवाळलं, तोंडात पेढा कोंबला. "दमली गं माझी बाई," म्हणत तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं. कपाळ कोरडं होतं. तिनं पदराकडं बघितलं, आणि परत पुसलं. आण्णांनी चष्मा वर करून पदकावरचं वाचलं. "शंभर किलोमीटर! एवढीशी पोर! बाळासो, आणि तू कशानं एवढा काळवंडलास? बसून तर होतास."

"ऊन होतं आण्णा," पप्पा म्हणाले.

मी पप्पांकडं बघत होते. आता सांगतील. आता म्हणतील, आण्णा, ही सायकल हिच्या मापाची नाही, बदलू या.

आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माया होती त्या हातात, खोटं कशाला बोलू. "नाव काढलंस घराण्याचं. पदक आलं, फोटो आला, हौस फिटली. आता नववीचं वर्ष येतंय, मग दहावी. सायकल आता बास. अभ्यासाला लागायचं."

"पण आण्णा..." मी म्हणाले.

"पण नाही, बिण नाही. शेवट चांगला झालाय, तिथंच थांबावं माणसानं." मग ते सायकलकडं वळले, तिच्या सीटवर दोनदा थापटल्यासारखं केलं. "एवढी महागाची वस्तू, पडून गंजेल. बाळासो, तूच चालवत जा की सकाळची. तसंही चालायला जातोस. पोट पण सुटलंय तुझं."

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढं बांधले, शाळेतल्या मुलासारखे, आणि खाली बघत म्हणाले,

"तुम्ही म्हणताय तर चालवीन आण्णा."